कुंकवाची पुडी परत द्यायला कोल्हापूरला गेले होते

कोल्हापूर मी पहिल्यांदा पाहिलं ते सत्तरच्या दशकाच्या शेवटी. आमचे हे वारून दुसरं वर्ष चाललं होतं आणि घराबाहेर पडायला मला कारण लागायचं. महिला मंडळाची सहल निघाली, तेव्हा ते कारण माझ्याकडे होतं. एक पुडी परत करायची होती.

आमचे हे मासळीची लॉरी चालवायचे. रत्नागिरीला बंदरावर माल भरायचा, त्यावर बर्फ टाकायचा, आंबा घाटातून कोल्हापूरला न्यायचा, उतरवायचा आणि परत फिरायचं. आठवड्यातून दोन-तीन खेपा. लग्न झाल्यावर पहिल्याच खेपेला मी म्हटलं होतं, कोल्हापूरला जाताच आहात तर अंबाबाईचं कुंकू आणा. त्यांनी आणलं. तेव्हापासून घरातलं कुंकू संपत आलं की ते न सांगता आणायचे. घरी आले की अंगणात उभे राहायचे, हनुवटी वर करून खाकी सदऱ्याचा खिसा दोन बोटांनी ताणून धरायचे आणि म्हणायचे, "काढून घे." मी काढून घ्यायचे. ती त्यांची थट्टेची एक रीत असावी असं मला वाटायचं.

ते कुंकू मला सोसलं नाही. आधी कपाळाला खाज सुटली, मग पुरळ आलं, मग आठ आण्याएवढा काळसर डाग पडला. सासूबाई म्हणाल्या, "देवीचा कुंकू आहे तो. तुला सोसत नाय, म्हणजे देवीला तू नको गो." मी तरी लावत राहिले. देवीला नको असले तरी नवऱ्याने आणलेलं होतं. पुढे त्यांची लॉरी घाटात धुक्यामध्ये खाली गेली, आणि सासूबाई तेच वाक्य पुन्हा म्हणाल्या. या वेळी सगळ्यांसमोर.

त्यांचे कपडे आमच्या हातात दिले तेव्हा सदऱ्याच्या खिशात पुडी होती. तपकिरी कागदाची, जाड दोऱ्याने बांधलेली. एका कोपऱ्याला डाग होता. तो कशाचा ते मी निरखून पाहिलं नाही. पुडी सोडलीही नाही. ट्रंकेत तळाशी ठेवली. कुंकू पुसल्यावर कपाळ मोकळं व्हायला हवं होतं, पण डाग गेला नाही. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, ही बाई अजून लावते. बाजारात दोनदा मला बायकांनी अडवून विचारलं होतं.

म्हणून ठरवलं होतं की कधीतरी जायचं, पुडी देवीच्या पायाशी ठेवायची आणि विचारायचं. काय विचारायचं ते नीट ठरलेलं नव्हतं. मी होते म्हणून ते गेले का, एवढंच बहुधा.

निघालो

मंडळाच्या अध्यक्ष वकिलीणकाकू होत्या. त्यांचे आणि बाकीच्या बऱ्याच जणींचे ब्लाउज मी शिवायचे. शाळेत मी दोनच वर्षं गेले. वाचायला शिकले ती शिवणाच्या कामामुळे. कापड बेतायला खाली जुनी वर्तमानपत्रं अंथरायची आणि कात्री बाजूला ठेवून अक्षरं जुळवत बसायची. हे गेल्यावर मंडळाच्या कपाटातली पुस्तकं घरी न्यायला लागले. त्यावरून काकूंना माझी आठवण राहिली असावी. सहलीतली एक जण ऐन वेळी गळाली तेव्हा त्यांनी निरोप धाडला, "येतेस का? कोल्हापुरात एक मास्तर पायी शहर दाखवतात. चालावं लागेल हं."

थंडीचे दिवस होते. सकाळची साधी एसटी. साखरप्याला गाडी थांबते तिथे गरम बटाटेवडे मिळायचे. पुढे घाट आहे, ज्यांना गाडी लागते त्यांनी वडा खाऊ नये. मी चहासुद्धा घेतला नाही.

घाटात मला दरीच्या बाजूची खिडकी मिळाली होती. नेमकं कुठलं वळण ते मला कोणी दाखवलं नव्हतं. घरच्या पुरुषांनी पाहिलं होतं, मला नेलं नव्हतं. त्यामुळे प्रत्येक वळण तेच असेल असं धरून मी बघत होते. खाली दाट रान. ऊन पडलेलं, धुकं अजिबात नाही. शेजारची बाई म्हणाली, "काय सुंदर आहे नाही?" मी हो म्हटलं. ते खोटं नव्हतं.

घाट संपला की मुलूख बदलतो. मलकापूरच्या पुढे लाल माती मागे पडते, ऊस लागतो, गुऱ्हाळांचा गोड धूर गाडीत शिरतो. कोल्हापूर यायच्या आधी नदीवर दगडी पूल लागतो. हे सांगायचे, "पूल आला की कोल्हापूर आलं. पुलावरून देवळं दिसतात, काळी, पाण्यात पाय सोडून बसलेली." मी मान बाहेर काढून पाहिलं. खरंच तशीच होती. मला फार बरं वाटलं. यांनी सांगितलेलं सगळं आता एकेक करून दिसणार, असं वाटलं.

देवळाजवळ एका धर्मशाळेत उतरलो. खोल्या साध्या, सतरंजी मिळायची, पांघरूण आपलं. थंडीत जाणाऱ्यांनी जाड घोंगडी न्यावी. संध्याकाळी गंगावेशीजवळ म्हशी चौकात आणून गिऱ्हाईकासमोर दूध काढतात, ते बघायला गेलो. पेल्यात वरपर्यंत फेस. बायका लाजत प्यायल्या. एक पैलवान गडी चार पेले रिकामे करून आमच्याकडे बघून म्हणाला, "काय पावणं, एका पेल्यात भागलं व्हय? घरला काय सांगणार?" त्यावर काकूंनी आणखी एक पेला घेतला आणि रात्रभर त्यांचं पोट दुखलं.

घाटापासून महाद्वारापर्यंत

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचगंगेच्या घाटावर मास्तर भेटले. माने मास्तर. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, धोतर, कोट, डोक्याला मफलर आणि आवाज असा की नदीपलीकडची माणसं वळून बघतील. हा माणूस हौसेने बाहेरगावच्या मंडळींना शहर फिरवायचा. आधी त्यांनी आमच्या पायांकडे पाहिलं.

"नव्या चपला कुणी घातल्यात? तुम्ही? काढा. हातात घ्या. बारा वाजायच्या आत रडशीला." मग सगळ्यांना, "रत्नागिरीचं लोक म्हंजे पाण्याला भिणार न्हाईत. उतरा खाली."

पायऱ्या निसरड्या आहेत, कासोटा किंवा निऱ्या सांभाळून उतरावं. थंडीत नदी खाली गेलेली असते, त्यामुळे आदल्या दिवशी पुलावरून लांबून पाण्यात असल्यासारखी दिसलेली देवळं जवळून मोकळी, कोरडी दिसत होती. समाध्या, दीपमाळा, काळा दगड. मास्तर एका दीपमाळेला हात लावून म्हणाले, "पुरात ही दिसायची बंद झाली की गावातली माणसं सामान वर चढवायला लागत्यात. रेडिओ नंतर सांगतो." पलीकडे धुणी धुणाऱ्या बायकांनी विचारलं, "मास्तर, आज कुठल्या बाया?" "कोकणातल्या हायत." "मग त्यास्नी हळू आवाजात सांगा की, कानठळ्या बसत्यात बिचाऱ्यांच्या."

तिथून चढ चढून शुक्रवार पेठेतून आम्ही गंगावेशीकडे आलो. अरुंद गल्ल्या, एका बाजूला तालीम, आतून शड्डू ठोकल्याचे आवाज, दारात लंगोट वाळत घातलेले. मास्तर म्हणाले, बायकांनी आत डोकवायचं नाही, आणि सगळ्यांनी डोकावलं. पुढे पापाची तिकटी. चामड्याचा वास, दोऱ्या बांधून लटकवलेल्या चपला. घ्यायच्या तर इथे घ्या, पण घासाघीस करताना निघून जायचं नाटक करू नका. कोल्हापूरचा दुकानदार परत बोलवत नाही. काकू निघून गेल्या आणि चप्पल तिथेच राहिली.

महाद्वार रोडला लागलो तेव्हा मी मास्तरांच्या बरोबरीने चालू लागले. पुडी मी ब्लाउजात ठेवली होती. मास्तरांना मी विचारलं, "लॉरी कुठे थांबते इथे?"

"कसली लॉरी?"

"बाहेरगावची. आमचे हे लॉरी देवळाच्या दारात लावायचे. उतरायचे, पाय धुवायचे, आत जायचे. देवीच्या पायाला पुडी लावायची आणि खिशात टाकायची. दर खेपेला."

मास्तर थांबले. रस्त्याकडे हात करून म्हणाले, "ताई, हितं सणाच्या दिवशी सायकल अडकती. लॉरी कुठनं येणार? आणि पायाला पुडी दर खेपेला? आम्ही हितं जन्मलो, आमाला न्हाय जमत." मग माझं तोंड बघून त्यांनी आवाज उतरवला. उतरवलेला आवाजही चार जणींना ऐकू गेला. "लांब कुठंतरी लावत असतील."

मागून काकू शेजारणीला म्हणाल्या, "बाहेरगावचा मुक्काम असलेल्या पुरुषाला फार विचारू नये बाई." शेजारीण हसली नाही, पण तिने माझ्याकडे पाहिलं. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं. आत्तापर्यंत ते माझ्या मनाला शिवलं नव्हतं. आता शिवलं. इतकी वर्षं जो माणूस आठवड्यातून दोन-तीनदा या गावात येत होता तो देवळात जात नव्हता, तर कुठे जात होता?

देवळाच्या बाहेर

चपला काढायच्या जागी काकूंनी सगळ्यांची ओटीची ताटं नीट केली. खण, नारळ, हळद-कुंकू. मग मला म्हणाल्या, "तू नंतर जा हं. आधी आम्ही ओटी भरून येतो. तोवर चपला बघ." आवाजात दुष्टपणा नव्हता. रीतच तशी होती. मी बसले. आठ जणींच्या चपला, त्यातली एक जोडी नवी, मास्तरांचं न ऐकता पुन्हा घातलेली आणि रक्ताळलेली.

समोर कुंकवाची दुकानं होती. पितळी परातींतून कुंकवाचे ढीग रचलेले, टोकाला निमुळते, लाल, जरा पिवळसर लाल, काळपट लाल. पुडी इथून आली असेल तर कोणीतरी ओळखेल, असं वाटलं. ओळखलं तर मास्तर चुकले, काकू चुकल्या. चपला नजरेत राहतील एवढ्याच अंतरावरचं दुकान मी निवडलं.

दुकानात माझ्याच वयाची बाई होती, तोंडात पान. "काय देऊ?"

"घ्यायचं नाही. ही पुडी तुमच्या इथली आहे का, तेवढं सांगा."

"कुठनं आलासा?"

"रत्नागिरीहून."

"आंबं सोडून कुंकू आणलासा व्हय?" ती स्वतःच हसली आणि हात पुढे केला. "बघू."

मी पुडी तिच्या हातात दिली. ती बाहेरून बघेल, कागद बघेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तिने पुडी तोंडाशी नेली आणि दोरा दातांनी तोडला.

मी काहीतरी ओरडले. काय ते आठवत नाही. तिने दचकून पाहिलं. "काय झालं? सोडल्याबिगर कसं कळंल?" तोवर कागद उलगडला होता. ज्या गोष्टीला मी ट्रंकेत हात लावायला घाबरत होते ती भर रस्त्यात उघडी पडली होती. आतलं कुंकू फार लाल होतं, मला आठवत होतं त्याहून लाल.

तिने चिमूट घेतली, तळहातावर पाण्याचा थेंब टाकून चोळली. हात गुलाबी झाला. मग तिने वास घेतला, आणि पुडी चटकन नाकापासून लांब धरली.

"ह्ये कुंकू न्हवं. रंग हाय, रंग. हळदीचा वास तरी येतोय का? आमचं बघा." तिने परातीतली चिमूट माझ्या नाकाशी धरली. खरंच हळदीचा वास होता. "आणि ह्याला तर मासळीचा वास हाय. बाजारात मासळीवाल्यांच्या शेजारी एक म्हातारी इकत बसायची असलं. फण्या, बांगड्या आणि ह्ये. देवीच्या दारात ह्ये घेऊन आलासा?"

दुकानदार दुसऱ्याचा माल वाईटच म्हणणार, असं मी मनाशी म्हटलं. पण तिची नजर माझ्या कपाळावर गेली होती.

"त्योच डाग व्हय? ह्या रंगाचाच. लई बायकास्नी हाय असला. आधी खाज सुटती, मग पुरळ, मग काळं पडतंय. माझ्या नणंदंला हाय."

"माझ्या सासूबाई म्हणतात, देवीचं कुंकू मला सोसलं नाही."

"देवीचं कुठलं?" ती म्हणाली. "देवीचं असंल तर सोसंल का न्हाय ते बघायचं."

मग तिने माझ्या गळ्याकडे, हातांकडे पाहिलं आणि तिला कळलं. पुडी पुन्हा बांधायला तिच्याकडे तसा जाड दोरा नव्हता. ओटीच्या नारळांना गुंडाळतात तो लाल दोरा तिने बांधला, गाठ मारली आणि पुडी माझ्या हातावर ठेवली. पैसे द्यायला गेले तर म्हणाली, "व्हा पुढं."

बायका परत आल्या. सगळ्यांच्या कपाळाला मळवट भरलेला. काकू म्हणाल्या, "जा आता, रांग कमी आहे." मी आत गेले. देऊळ थंड, काळोखं, दगडाला हात लावला की ओलसर लागतो. गर्दीमध्ये उंच टाचा करून पाहिल्यावर देवीचा चेहरा क्षणभर दिसला. पुडी मी बाहेर काढली नाही. विचारायचं होतं तेही विचारलं नाही. ज्याबद्दल विचारायचं ते देवीचं नव्हतंच. मागच्या बाईने ढकललं आणि मी पुढे सरकले.

जाणार असाल तर पहाटे जा. माझ्या वेळेला जाऊ नका.

मासळी बाजार

भवानी मंडपात मास्तर खूप बोलले. मी त्यातलं काही ऐकलं नाही, त्यामुळे लिहीत नाही. बिंदू चौकात एका खानावळीत जेवलो. तिथे शाकाहारी ताट मागितलं तर पोऱ्याने आम्हाला आजारी आहात का म्हणून विचारलं. पुढे दसरा चौकाकडे जायचं होतं. वाटेत लक्ष्मीपुरीची बाजू लागली. मास्तर नाकाला मफलर लावून म्हणाले, "उजवीकडं मासळी बाजार हाय. तिकडं बघण्यासारखं काय न्हाय. सरळ चला."

मी म्हटलं, "मला जायचंय."

काकू म्हणाल्या, "अगं, रत्नागिरीहून येऊन मासळी काय बघतेस?"

"तुम्ही व्हा पुढे."

मास्तर घोटाळ्यात पडले. मग बाकीच्यांना एका रसवंतीच्या बाकड्यावर बसवून ते माझ्याबरोबर आले. "तुम्ही हरवलासा तर वकिलीणबाई मला सोलून वाळत घालतील," ते म्हणाले. त्यांनी कारण विचारलं नाही, आणि नाकावरचा मफलर काढला.

दुपार असल्याने बाजार उतरला होता. ओली फरशी, बर्फाचा चुरा, मांजरं. आमच्या बंदरावरचाच वास, फक्त उन्हात शिळा झालेला. एक थोराड बाई राहिलेले बांगडे टोपलीत भरत होती. मी तिला विचारलं, इथे फण्या-बांगड्या विकणारी म्हातारी कुठे बसते?

"ती मेली औंदा. काय पायजेल हुतं?"

"कुंकू घेऊन जायचा एक रत्नागिरीचा ड्रायव्हर. मासळीच्या गाडीवरचा."

"नाव?"

नवऱ्याचं नाव घ्यायची मला सवय नव्हती. मास्तर शेजारी उभे होते. मी नाव घेतलं. "दत्ताराम."

बाईने हातातला बांगडा टोपलीत ठेवला. "दत्तू डायवर? घाटात गेला त्यो?" मग माझ्याकडे नीट बघून, "तू त्येची बायकू."

तिचं नाव गोदा. बाजारात गोदामावशी. तिने पदराने हात पुसले, उलटी टोपली माझ्याकडे सरकवली, मी बसले.

"हितनंच निघालता त्या दिवशी," ती म्हणाली. "माल उतरला, चा प्याला, पुडी घेतली, निघाला."

"देवळात जायचे का ते कधी?"

"देवळात?" ती हसली आणि मग हसू गिळलं. "आम्ही चिडवायचो की त्येला. अरं दत्तू, देऊळ हाय ढांगंवर, जा आणि देवीचं कुंकू आण की बायकूला. तर म्हनायचा, मावशे, माझ्या अंगाचा वास बघ आधी. एकडाव गेलता. अंघूळ करून गेलता हितल्या नळावर. रांगंतल्या बायांनी नाकाला पदर लावला. तसाच मागं फिरला. परत न्हाय गेला."

"मग इथे काय करायचे?"

"काय करणार? माल मोजून द्यायचा, गाडी धुवायची, गाडीखाली पोतं टाकून झोपायचा. उठला की जायाचा. ह्या बाजाराच्या भाईर त्येनं कोल्हापूर बघितलं आसंल का न्हाय, देव जाणं."

"कुठे जायचे नाहीत? कुणाकडे?"

तिला माझा प्रश्न कळला. ती रागावली नाही. "त्येला झोपायला येळ न्हवता, बाई."

मास्तर दुसरीकडे बघत होते.

"पुडी घ्यायची असली की आधी नळावर हात धुवायचा," गोदामावशी म्हणाली. "माझ्याकडनं लिंबाची फोड न्यायचा. चोळ चोळ चोळायचा, मग वास घ्यायचा, परत चोळायचा. जातोय व्हय त्यो वास? आमचा जन्म गेला. मग म्हातारीपुढं जाऊन हुभा ऱ्हायाचा. पुडीला हात लावायचा न्हाय. कुंकू हाय म्हनायचा, मासळीच्या हातानं धरू नये. खिसा असा," तिने स्वतःच्या पोलक्यावर दोन बोटांनी नसलेला खिसा ताणून धरला, हनुवटी वर केली, "असा धरायचा आणि म्हनायचा, टाक म्हातारे."

मी बघत राहिले. तेच ते उभं राहणं. आमच्या अंगणातलं.

"घरला गेल्यावर कसा काढायचा कुणास ठावं," ती म्हणाली.

"मी काढायचे," मी म्हटलं.

"बरं हाय मग." तिने टोपलीतले बांगडे सारखे केले. "लावायचीस न्हवं?"

"लावायचे. रोज."

कपाळाचा डाग तिला दिसत होता. तो कशाने पडला ते मी सांगितलं नाही. ते रंगाचं कुंकू देवीचं म्हणून आणणारा माणूस आणि ते हातांनी धरायचं नाही म्हणून लिंबाने हात सोलणारा माणूस एकच होता. दोन्ही गोष्टी मला एकदमच कळल्या होत्या, आणि त्यातली कुठली आधी धरावी हे समजत नव्हतं.

निघताना गोदामावशीने उरलेल्यातले चार बांगडे पानात बांधून द्यायला काढले. मास्तर म्हणाले, "अगं, रत्नागिरीच्या माणसाला बांगडं देतीस?" ती म्हणाली, "तुमी गप बसा मास्तर. दत्तूचंच बांगडं हायत. त्याच गाडीवाल्याचं. दुसरा डायवर आणतोय आता." धर्मशाळेत मासळी चालणार नव्हती. मी ते घेतले आणि रस्त्यात मास्तरांना दिले. त्यांनी ते मफलरात गुंडाळले.

रसवंतीजवळ काकू चिडून बसल्या होत्या. "सापडलं का काय हवं होतं ते?"

मास्तरांनीच उत्तर दिलं. "सापडलं. चला, दसरा चौक ऱ्हायलाय." आणि त्यांनी पुढचं सगळं शहर इतक्या मोठ्या आवाजात दाखवलं की मला कोणी काही विचारू शकलं नाही.

परत

तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने निघालो. पुलावर मी पुन्हा मान बाहेर काढली. देवळं तिथेच होती. यांनी सांगितलेलं एवढंच खरं निघालं. ते लॉरीच्या खिडकीतून दिसत होतं, म्हणून. बाकीचं कोल्हापूर त्यांनी माझ्यासाठी ऐकीव गोष्टींवरून रचलं होतं. देवळाच्या दारात लॉरी लावली होती, रांग लहान केली होती, देवीच्या पायापर्यंत स्वतःला जाऊ दिलं होतं. घाटात या वेळी माझी जागा डोंगराच्या बाजूला होती. मी जागा बदलून मागितली नाही.

घरी सासूबाई ओटीवर वाट बघत होत्या. पुडीचं त्यांना माहीत होतं. "दिलीस देवीला?"

"नाही."

"का गो?"

"ती देवीची नव्हती. मासळी बाजारातली होती. रंगाची. डाग त्यानेच पडला." मग मी त्यांना हात धुण्याचं सांगितलं. लिंबाची फोड, नळ, ताणलेला खिसा. सांगताना माझाच हात छातीशी गेला.

सासूबाईंनी माझ्या छातीशी गेलेल्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "देवळात नाय गेला तो?"

"गेले होते एकदा. रांगेतल्या बायकांनी नाकाला पदर लावला."

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. देवीला मी नको, हे वाक्य त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत. चुकले असंही कधी म्हणाल्या नाहीत. त्या रात्री जेवल्या नाहीत, एवढंच.

पुडी मी ट्रंकेच्या तळाशी ठेवली नाही. त्यांचा खाकी सदरा काढला, खिसा दोन बोटांनी ताणला आणि पुडी आत टाकली. दोरा मात्र आता लाल आहे, यांनी आणला तो नाही.

त्यानंतर मी कोल्हापूरला तीनदा गेले. रस्ता आता रुंद झाला आहे, गाडी लवकर पोचते, घाटात कठडे आहेत. माने मास्तर गेले. पायी फिरणार असाल तर नदीच्या घाटापासून सुरुवात करा, जुन्या चपला घाला, कुंकू घेताना चिमूट पाण्यात चोळून वास घ्या. मासळी बाजारात बघण्यासारखं काही नाही, हे खरं आहे.

कपाळाचा डाग अजून आहे. वयाने कातडी सैल झाली तसा तो थोडा लांबट झाला. कोणी विचारलं तर पूर्वी मी सांगायचे, देवीचं कुंकू सोसलं नाही. आता सांगते, यांनी आणलेल्या कुंकवाचा आहे.